ओसरीपर्यंतचा पाहुणा

एका ग्रंथालयातल्या जुन्या मासिकांचे अंक संगणकावर आणण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. स्कॅन केलेली पाने एका लिनक्स सर्व्हरवर होती आणि मुद्रिते तपासणारी मंडळी, बहुतेक निवृत्त शिक्षक, गावोगावी विखुरलेली. त्यांनी दुरून यावे, आपल्यापुरती फाइल तपासावी, एवढीच अपेक्षा. पण सर्व्हरवर खाते दिले की शेल मिळतो, आणि शेल म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगा. पाहुण्याला ओसरीवर बसवायचे, माजघरात येऊ द्यायचे नाही, यासाठी मी मर्यादित शेलकडे वळलो.

शेल हा दुभाषा आहे. आपण टंकलेली आज्ञा वाचून तो योग्य त्या प्रोग्रॅमला कामाला लावतो. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीव्हन बोर्न यांचा शेल आला. आज लिनक्सवर सर्रास असणाऱ्या बॅशच्या नावात त्या बोर्नवरच कोटी आहे. हाच बॅश ‘आरबॅश’ या नावाने सुरू केला की हात आखडता घेतो. फोल्डर बदलता येत नाही, आज्ञेच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, आज्ञा कुठे शोधायच्या हे ठरवणारा ‘पाथ’ बदलता येत नाही, फलित फाइलीत वळवता येत नाही. मी प्रत्येकासाठी एका फोल्डरात फक्त चार आज्ञा ठेवल्या आणि पाथ तेवढ्यावरच रोखला. पाथ ठरवणारी फाइल आणि तिचा फोल्डर दोन्ही रूटच्या मालकीचे केले. नाहीतर माणूस ती फाइल पुसून स्वतःची ठेवू शकतो.

त्या चारांत ‘व्हीआय’ हा संपादक होता. तिथेच घात झाला. मदतीला येणारा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, एक दाखवू?” व्हीआयमध्ये अपूर्णविराम टंकून त्याने त्याचा शेल म्हणून साधा बॅश नेमला आणि पुढच्या ओळीत तो उघडला. दोन ओळींत तो बाहेर! रूटचे अधिकार त्याला मिळाले नाहीत, पण नको ते वाचता येत होते.

मग ‘एलशेल’ हे पायथॉनमध्ये लिहिलेले पॅकेज बसवले. बसवणे सोपे: पॅकेज घ्यायचे, ‘सीएचएसएच’ आज्ञेने त्या खात्याचा शेल बदलायचा. खरे काम मांडणीच्या फाइलीत. सर्वांसाठी एक विभाग, हवा तर गटासाठी वा व्यक्तीसाठी वेगळा. त्यात चालणाऱ्या आज्ञा, वर्ज्य चिन्हे, उघडे फोल्डर आणि किती इशाऱ्यांनंतर हाकलायचे तो आकडा. मी दोन इशारे ठेवले आणि कडक तपासणी चालू केली.

आठवड्याभरात एका गुरुजींचा फोन आला. “अहो, मला कामावरून काढलंत का? तसं स्पष्ट सांगायचं होतंत.” त्यांच्या पडद्यावर इंग्रजीत ‘हाकलले’ असा संदेश आला होता. नोंदवही पाहिली. एका फाइलीच्या नावात ‘आणि’साठीचे ते वेटोळे चिन्ह होते. शेलमध्ये त्या चिन्हाला वेगळा अर्थ असल्याने ते वर्ज्य यादीत. गुरुजींनी नाव तीनदा जसेच्या तसे टंकले. फाइलींची नावे मीच ठेवली होती. चाळीस वर्षे वर्गावर उभ्या राहिलेल्या माणसाला माझ्या यंत्राने दाराबाहेर काढले, याची लाज अजून वाटते.

इशाऱ्यांचा आकडा वाढवला, नावे बदलली. पण २०१६ साली एलशेलमध्येच पळवाटा जाहीर झाल्या. त्यांतली एक नियंत्रण-कळा दाबून नवी ओळ घुसवण्याची. ज्याला वर्ज्य गोष्टींची यादी करावी लागते, त्याच्या यादीत काहीतरी राहतेच, असे माझे मत तेव्हा झाले. शेवटी मी शेलच काढून घेतला. ओपनएसएसएचमध्ये २००८ पासून सोय आहे: खात्याला फक्त फाइलींची देवघेव करू द्यायची आणि ठरलेला फोल्डर हेच त्याचे जग करायचे. तो फोल्डर रूटच्या मालकीचा हवा, इतर कोणाला त्यात लिहिता येता कामा नये, नाहीतर दारच उघडत नाही. लिहिण्यासाठी आत वेगळा फोल्डर. पोर्ट पुढे वळवण्याची सोय आठवणीने बंद करावी लागते.

गुरुजींना आता काही टंकावे लागत नाही. पडद्यावर दोन फोल्डर दिसतात, ‘तपासायचे’ आणि ‘तपासले’. एकातून उचलून ते दुसऱ्यात टाकतात.