'भारी' : पुण्यात दाद, दिल्लीत वजन

पुण्या-कोल्हापुरात कुणी नुसतं 'भारी!' म्हटलं की ती मनापासून दिलेली दाद. गाणं भारी, मिसळ भारी, माणूसही भारी. मूळ संस्कृत 'भार'. मराठीने जुने अर्थ सोडलेले नाहीत. 'भारी साडी' म्हणजे महागाची, 'एकटा तिघांना भारी' म्हणजे वरचढ.

दिल्लीत मात्र हा शब्द अजून वजनाशीच बांधलेला आहे. आपल्याकडच्या 'अवजड वाहनांस बंदी'च्या जागी तिथे पाटीवर 'भारी वाहन' असतात. 'मन भारी' म्हणजे उदास, 'पाँव भारी' म्हणजे गरोदर. लोदी रोडवर मुख्यालय असलेल्या हवामान खात्याच्या हिंदी अंदाजातली 'भारी वर्षा' तर मोजून ठरलेली आहे: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. दिल्लीकराच्या साडीतही फरक पडतो. त्याची 'भारी साड़ी' जरीकामाने जड झालेली असते, किमतीचा विचार नंतर.

मग दाद द्यायची कशी? हिंदीत 'बढ़िया', 'ज़बरदस्त' आहेतच. गुरुग्रामच्या बाजूला हरियाणवीतला 'कसूता' कानावर येतो. तो विशेष रसाळ वाटतो, कारण उत्तम आणि भयंकर या दोन्हींसाठी तो चालतो आणि अर्थ बोलणाऱ्याच्या सुरावर ठरतो.

नोकरीसाठी नोएडा-गुरुग्रामला निघालेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: तिथल्या यजमानीणबाईंना 'खाना भारी था' म्हणू नका. जेवण पचायला जड गेलं, असंच त्यांना वाटेल.