पुनवेची रात्र राजोडीच्या वाळूत

आमच्या वस्तीत कुणाच्या हातात बॅग दिसली की पहिला प्रश्न ठरलेला : "कोणत्या विहाराला?" सहा डिसेंबरला दादर, दसऱ्याला नागपूर, जमलेच तर एखाद्या साली बुद्धगया, आणि उरलेल्या रजा गावाकडच्या लग्न-मरणासाठी. आमचा प्रवास नेहमी कशासाठी तरी असतो. आम्ही उभयतांनी लग्नाला बावीस वर्षे झाल्यावर प्रथमच कशासाठीही नसलेला प्रवास करायचे ठरवले, तेव्हा शेजारच्या मावशींना उत्तर देताना आमची जीभ अडखळली. "समुद्रावर जातोय, एक रात्र राहायला." मावशी म्हणाल्या, "कुणाकडे?" कुणाकडेही नाही, वाळूत, तंबूत, हे ऐकल्यावर त्यांनी आमच्या पत्नीकडे ज्या नजरेने पाहिले ती आम्ही विसरणार नाही.

तंबूचीही एक गोष्ट आहे. या किनाऱ्यांवर हल्ली तयार तंबू भाड्याने मिळतात. आम्ही एका ठिकाणी फोन लावला. जागा आहे म्हणाले. मग नाव विचारले, आडनाव विचारले, ते पुन्हा एकदा विचारले, आणि "पाहून कळवतो" म्हणाले. कळवले नाही. कारण काय ते आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही, परंतु आडनाव दुसऱ्यांदा विचारले की आपल्या माणसाच्या पोटात जे होते ते वाचकांना ठाऊक आहे. पत्नी म्हणाल्या, "राहू द्या, घरीच बरे." नेमके तेव्हाच आम्ही हट्टाला पेटलो. डोंगर चढणाऱ्या भाच्याकडून तंबू उसना आणला आणि माघी पौर्णिमेची रात्र मुक्रर केली. अट एकच होती. पत्नींनी चुलीला हात लावायचा नाही. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, उकडलेली अंडी घरून. चहा आम्ही करणार.

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरल्यावर आधी स्तूपाकडे गेलो. समुद्राला जायचे आणि सोपारा ओलांडून पुढे जायचे हे मनाला पटेना. बुरुड राजाचा कोट म्हणून लोक ज्या टेकाडाला ओळखत, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरले तेव्हा आत स्तूप निघाला. मध्यभागी दगडी करंडक, त्यात तांब्याचा, मग चांदीचा, असे एकात एक करंडक आणि सर्वांत आत सोन्याचा. त्यात भिक्षापात्राचे मानलेले मातीचे तेरा तुकडे. भोवती आठ बुद्धमूर्ती. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. जागेवर विटा आहेत, झाडांची सावली आहे आणि शांतता आहे. आम्ही वंदना घेतली.

त्याच १८८२ साली सोपाऱ्यात भातेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आम्ही या लेखाचा मजकूर पूर्वी व्याख्यानांत सांगितला आहे, परंतु हातात तंबूची पिशवी असताना तो वेगळाच लागला. अशोक त्यात सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, म्हणजे मौजेला, शिकारीला. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट आणि त्यांना मदत, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे. म्हणजे 'विहार' हा शब्द त्या काळी सहलीचा होता! मावशींचा प्रश्न बरोबर होता, आम्हीच नीट उत्तर दिले नाही.

सोपाऱ्याहून राजोडीकडे जाणारा रस्ता केळीच्या वाड्यांतून जातो. कोळी, वाडवळ, ख्रिस्ती शेतकरी, सर्वांची वस्ती. विरार-नालासोपाऱ्याच्या इमारती दर वर्षी एकेक वाडी गिळत पश्चिमेकडे सरकत आहेत, तरी समुद्राजवळ अजून हिरवे उरले आहे. मग सुरूचे बन लागते. सुरू मूळचा आपला नव्हे. ऑस्ट्रेलियाकडचे हे झाड किनाऱ्यावर वारा आणि वाळू अडवण्यासाठी लावले गेले. पण त्यातून वारा वाहू लागला की जो आवाज येतो तो आपल्याला लहानपणापासून माहीत असल्यासारखा वाटतो.

पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. करडी-काळसर वाळू इतकी लांब पसरलेली की समुद्र शोधावा लागावा. आम्ही सपाट, स्वच्छ, ओलसर जागा पाहून तंबू ठोकायला घेतला. जाळे आवरून परतणारी एक म्हातारी थांबली. तिने आमच्या पत्नीला विचारले, "बाय, पोहता येतं का?" मग हसली आणि म्हणाली, "आज पुनव आहे. पाणी इथवर येतं." तिने बोटाने वर दाखवले. काड्या, शिंपले, चपला, प्लास्टिक यांची एक वाकडी रेघ किनाऱ्याला समांतर गेली होती. शेवटच्या मोठ्या भरतीने आपली हद्द तिथे लिहून ठेवली होती. "त्याच्या वर झोपा."

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, चोवीस वर्षे कारकुनी केलेली, आणि ही साधी नोंद आम्हाला वाचता आली नाही. म्हातारीने हिशेबही सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. दिवसा तसेच रात्री. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पंचांगातला शुभ-अशुभ मुहूर्त आपण बाबासाहेबांबरोबर सोडला ते योग्यच झाले, पण तिथी म्हणजे चंद्र किती पुढे सरकला त्याची मोजणी आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात, ओढ वाढते आणि उधाण येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा. यात भटजी कुठेच लागत नाही.

सूर्य समुद्रात बुडाला आणि त्याच सुमारास पाठीमागे सुरूच्या शेंड्यांतून चंद्र वर आला. आम्ही वाळूत बसून मान इकडून तिकडे वळवत राहिलो. चहा केला, वाऱ्याने स्टोव्ह तीनदा विझला, साखर विसरली होती. पत्नींनी तो चहा पूर्ण प्यायला. त्या म्हणाल्या, "बावीस वर्षांत दुसऱ्याने केलेला चहा बसून प्यायले ते बाळंतपणात." आम्ही महिला मुक्तीवर किती भाषणे केली याचा हिशेब मनात करत गप्प बसलो.

झोप कुणाला येणार? अकराच्या पुढे लाटांचा आवाज जवळ आला. बाराच्या सुमारास आम्ही विजेरी घेऊन उतरलो, तो आमच्या पहिल्या जागेवर, जिथे चार खुंट्यांची भोके असायला हवी होती, तिथे गुडघाभर पाणी उसळत होते. पत्नींनी आमचा दंड धरला. लाट त्या कचऱ्याच्या रेषेला दोन-तीनदा शिवली आणि थांबली. आम्ही दोघेही तिथे बराच वेळ उभे होतो. घरी असतो तर या वेळी उद्याच्या पाण्याची पिंपे भरत असतो, एवढेच त्या बोलल्या.

याच पाण्यावरून पूर्ण गेला असेल. दिव्यावदानात त्याची कथा आहे. सोपाऱ्याच्या एका धनिक व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. वाटणीच्या वेळी भावांनी त्याला दासीपुत्र म्हणून हिणवले. तो स्वतःच्या हिमतीवर व्यापारी झाला, सहा वेळा समुद्र ओलांडून सुखरूप परतला. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी सोबत होते. ते रात्री आणि पहाटे काही म्हणत. पूर्णाला वाटले गाणी आहेत. हे बुद्धवचन आहे असे कळल्यावर त्याने सारे सोडले आणि भिक्खू झाला. पुढे तापट म्हणून नावाजलेल्या लोकांत धम्म सांगायला निघाला, तेव्हा बुद्धांनी विचारले, शिव्या दिल्या तर? तो म्हणाला, हाताने मारत नाहीत म्हणजे भलेच आहेत. मारले तर? शस्त्राने मारत नाहीत म्हणून भलेच. आम्हाला तंबूवाल्याचा फोन आठवला. एवढा मोठेपणा आमच्यात नाही. पण रागाची धार रात्री थोडी बोथट झाली हे खरे.

पहाटे साडेसहाला समुद्र पुन्हा दूर गेलेला. पश्चिमेला चंद्र पाण्याला टेकत होता. ओल्या वाळूवर मटारच्या दाण्याएवढ्या खेकड्यांनी गोळ्यांची रांगोळी काढली होती. हे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातले अन्न चाखतात आणि स्वच्छ गोळी बाहेर ठेवतात. भरती आली की सारे पुसून पुन्हा सुरू. पत्नी एका बिळाजवळ अर्धा तास उकिडव्या बसल्या होत्या. पाण्याच्या कडेला तुतवार आणि चिखल्या धावत होते, वर कुरव. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांकडून हिवाळ्यात इकडे येतात. त्यांना कुणी आडनाव विचारत नाही, असे पत्नी म्हणाल्या. आम्ही ते वाक्य लिहून घेतले.

कचऱ्याच्या रेषेतून आम्ही एक पोते भरले. गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, औषधांच्या पट्ट्या. ते ओझे उचलून टाकायला जागा शोधण्यात मात्र पाऊण तास गेला.

नंतर रिक्षाने अर्नाळा आणि तिथून बोटीने अर्नाळ्याचे बेट. गुडघाभर पाण्यात उतरून बोटीत चढावे लागते. पत्नींनी साडी खोचली आणि आमच्या आधी चढल्या. वैतरणेच्या मुखाजवळचे हे बेट. पोर्तुगीजांकडून १७३७ साली मराठ्यांनी घेतले आणि किल्ला नव्याने बांधला. महाद्वारावर हत्ती आणि वाघ कोरले आहेत. आत बाहेरून दिसणार नाही अशी शेती, भाजी, आणि चारही बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याच्या विहिरी. एका मळ्यातल्या बाईंनी न विचारता कळशी पुढे केली. आम्ही ओंजळ धरली. पत्नींनी आमच्याकडे पाहिले. त्यांच्या आजोबांना महाडला, १९२७ साली, वडिलांनी खांद्यावर नेले होते.

वस्तीत बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. बेटाचा पश्चिम किनारा समुद्र खात चालला आहे. एका घरमालकाने आपले अंगण दाखवले, म्हणजे जिथे ते होते ते पाणी. वाळू उपसल्याने झाले, कुणी म्हणते उधाणे वाढली. आणखी उत्तरेला वाढवणला मोठे बंदर होणार, त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. आपल्या जाळ्यांचे काय, हा त्याचा प्रश्न आम्हाला होता. आमच्याकडे उत्तर नव्हते. खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट घ्यावी हे अशोकाने लिहिले, भेटल्यावर ऐकावे काय लागते ते प्रत्येकाने जाऊन पाहावे.

परतताना भुईगावचा फाटा लागला. अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा इथेच मिळाला, १९५६ साली. होय, तेच साल. त्यात सम्राट म्हणतो की, लोक आजारात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे; दास-नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम, हा धम्ममंगल मोठ्या फळाचा. निघताना सासूबाईंनी हातावर दही ठेवू पाहिले होते, ते पत्नींनी भातात कालवून खाल्ले होते.

दोघांचा सारा खर्च, लोकल, बस, रिक्षा, बोट मिळून, चाळीतल्या एका बारशाच्या आहेरापेक्षा कमी आला. सोमवारी मावशी दारात आल्या. अंगाला वाळू कशी चिकटते, रात्री भीती वाटते का, बाईमाणसाची सोय काय, असे सगळे विचारून घेतले (सोय नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो; गावातल्या घरी विनंती करावी लागली). मग म्हणाल्या, महिला मंडळाच्या चौदा जणी तयार आहेत, तिथी कोणती धरायची? पत्नींनी कॅलेंडर काढले आणि पाऊणपट करायला बसल्या.