मेटल गिटार बनवताय? आधी नागपूरची हवा बघा

परवा धरमपेठेत एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "दादा, मेटलसाठी सागवानाची गिटार बनवून घेऊ का?"

सागवान टिकाऊ आहे, ओलाव्याने फारसा हलत नाही. पण तो जड असतो, उभं राहून वाजवताना खांदा भरून येतो. शिवाय तेलकट, म्हणून चिकटवण्याआधी सांधा नीट पुसावा लागतो. मी तून हे लाकूड सुचवतो. महोगनीच्याच कुळातलं, वजनाला हलकं. मिरजेच्या सतारींतही ते वापरतात.

कोणतंही घ्या, पूर्ण वाळलेलं घ्या! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, हवा ठणठणीत कोरडी. जुलैत तीच दमट. ओलं लाकूड यात वाकतंच.

आवाजाचं म्हणाल तर जोरदार डिस्टॉर्शनमध्ये लाकडापेक्षा पिकअप कितीतरी जास्त ठरवतो. हमबकरच हवा. त्यातल्या दोन कॉइल उलट वेढ्यांच्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट. त्यामुळे विजेची घरघर विरून जाते, तारांचा आवाज मात्र जोडला जातो.

ब्रिजला ईएमजी ८१ लावलात तर रिफ घट्ट, नेमका येतो. हा पिकअप अ‍ॅक्टिव्ह आहे, ९ व्होल्टची बॅटरी लागते. बोटांचा हलका-जोरकस फरक ऐकू यायला हवा असेल तर पॅसिव्ह घ्या. मला तेच आवडतात. नेकला अल्निको चुंबकाचा, म्हणजे सोलो गोड वाजतो.

तुमचं ट्युनिंग आणि बजेट कमेंटमध्ये लिहा, त्यानुसार जोडी सुचवतो.