बाइटकोडमध्ये लूप लिहिलेला नसतो

क्लास फाइल डिकंपाइलरला दिली आणि समोर नीट इंडेंट केलेला फॉर लूप आला, की मूळ सोर्सच हाती लागला असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. जावाच्या बाइटकोडमध्ये फॉर, व्हाइल असं काहीच नाही. आहेत त्या फक्त उड्या.

शून्यापासून दहाच्या आत आय फिरवणारा रिकामा फॉर लूप घ्या. जावाचा कंपायलर जावासी त्याचं काय करतो? ऑफसेट 0 आणि 1 वर आयमध्ये शून्य ठेवतो. 2 वर आय स्टॅकवर, 3 वर दहा. 5 वर तुलना: आय दहा किंवा त्याहून मोठा असेल तर थेट 14 वर. 8 वर आय एकने वाढतो आणि 11 वर 'गोटू 2'. संपलं. हेच व्हाइलने लिहा, सूचना अगदी त्याच निघतात.

दुसरा समज: मागे जाणारी प्रत्येक उडी म्हणजे एक स्वतंत्र लूप. व्हाइलमधला कंटिन्यूसुद्धा मागेच उडी मारतो. त्यामुळे एकाच ठिकाणी परतणाऱ्या दोन उड्या दिसल्या, तर ते एकात एक दोन लूप असतील किंवा कंटिन्यू असलेला एकच. शिवाय एक्लिप्सचा कंपायलर अट लूपच्या तळाशी ठेवतो. म्हणून ठरावीक साचे शोधण्यापेक्षा कंट्रोल फ्लो ग्राफ, म्हणजे कोडचे ब्लॉक आणि त्यांच्यातल्या उड्यांचा नकाशा, काढणं भरवशाचं. उडी ज्या ब्लॉकवर परतते, त्यातून गेल्याशिवाय उडीपर्यंत पोहोचताच येत नसेल, म्हणजे तो ब्लॉक डॉमिनेटर असेल, तर लूप पक्का. क्रिस्टिना सिफुएंटेस यांनी डिकंपायलेशनवरच्या 1994 च्या प्रबंधात ग्राफवरूनच लूप ओळखले होते.

लूप नीट निघाला नाही, की दोष डिकंपाइलरला दिला जातो. हा मला अन्याय वाटतो. कॉटलिनच्या सस्पेंड फंक्शनमधला लूप थांबून पुन्हा सुरू होतो, तेव्हा स्विच थेट लूपच्या मध्यात उडी घेतो. लूपला दोन तोंडं झाली! बाइटकोडमध्ये गोटू असला, तरी जावा भाषेत तो वापरता येत नाही. मग असा प्रवाह लिहायचा तर कोडची नक्कल करावी लागते, नाहीतर जादा व्हेरिएबल लागतं.

फॉर की व्हाइल, याचा एक माग मात्र उरतो. जावासी सहसा ओळींचे क्रमांक फाइलमध्ये ठेवतो. आय वाढवणाऱ्या सूचनेचा क्रमांक अटीच्याच ओळीचा असेल आणि लूपचा मजकूर त्याखालच्या ओळींवर असेल, तर मुळात बहुधा फॉरच होता.