क्रमवाचक विशेषण आणि ‘टु’युक्त धातुरूप : इंग्रजीतील एक रचना व तिचे मराठी रूपांतर

इंग्रजीत क्रियापद, ‘टु’युक्त धातुरूप आणि क्रमवाचक शब्द हे तीन घटक एकाच वाक्यात आले, म्हणजे त्यांच्या स्थानावर अर्थ किती अवलंबून राहतो, हे पुढील वाक्यांवरून ध्यानात येईल. ‘ही वॉज द फर्स्ट टु कम टु अलिबाग’ याचा अर्थ, अलिबागेस येणारा तो पहिला. ‘ही वॉज टु कम टु अलिबाग फर्स्ट’ याचा अर्थ, त्याने आधी अलिबागेस यावयाचे ठरले होते. तो आला की नाही, हे वाक्य सांगतच नाही. ‘ही फर्स्ट केम टु अलिबाग टु सी द फोर्ट’ यात धातुरूप हेतू दाखविते, आणि क्रमवाचक शब्द क्रियाविशेषण होऊन ‘पहिल्यांदा’ एवढेच सांगतो.

यांपैकी पहिली रचना विशेष विचारार्ह आहे. तीत ‘टु कम’ हे क्रियापदाशी नव्हे, तर क्रमवाचकाशी बांधलेले असते. ‘द फर्स्ट मॅन टु कम’ म्हणजे जो प्रत्यक्ष आला असा पहिला मनुष्य. त्यातील ‘फर्स्ट’ गाळून नुसते ‘द मॅन टु कम’ म्हटले, की ‘जो यावयाचा आहे तो’ असा निराळाच अर्थ उभा राहतो. ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘ओन्ली’ हे शब्दही धातुरूपास असाच आधार देतात.

मराठीत हे काम ‘-णारा’प्रत्ययान्त धातुसाधित विशेषण करते. त्यास मात्र क्रमवाचकाच्या आधाराची गरज नाही. ‘पदवी मिळवणारी पहिली स्त्री’ यातून ‘पहिली’ काढले, तरी उरलेली रचना सुस्थितच राहते. काळाच्या बाबतीत दोन्ही भाषा सारख्याच मोकळ्या आहेत. ओहोटी लागली म्हणजे कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. तेव्हा ‘किल्ल्यावर पोहोचणाऱ्या पहिल्या मुलास बक्षीस मिळाले’ आणि ‘मिळेल’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध होत. काळ मुख्य क्रियापदाने ठरतो.

अडचण येते ती क्रमवाचकाच्या स्थानाची. ‘पहिली पदवी मिळवणारी स्त्री’ असे लिहिले, तर पहिली कोण, पदवी की स्त्री? दोन्ही नामे स्त्रीलिंगी असल्यामुळे रूपावरून निर्णय होत नाही. ‘पहिला ग्रंथ लिहिणारी स्त्री’ येथे लिंगानेच निकाल लागतो. विभक्तीचा प्रत्यय लागला, म्हणजेही घोटाळा सुटतो: ‘पहिली पदवी मिळवणाऱ्या स्त्रीस’ यात पदवी पहिली, ‘पहिल्या, पदवी मिळवणाऱ्या स्त्रीस’ यात स्त्री पहिली. प्रथमेत हा आधार नसल्याने क्रमवाचक नामाच्या लगत ठेवणे, हाच सुरक्षित मार्ग.

तथापि याहून मोठी हानी संक्षेपाने होते. इंग्रजी रचनेतील धातुरूप व त्याचा परिवार हे सर्व मिळून ‘पहिले’पणाची मर्यादा आखतात. आनंदीबाई जोशी यांचेच उदाहरण घ्यावे. टपालखात्यातील नोकरीमुळे गोपाळरावांची बदली कल्याणहून अलिबागेस झाली, आणि विवाहानंतर काही काळ हे दांपत्य तेथे राहिले. पुढे १८८६ साली आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली. ‘परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली हिंदू स्त्री’ हे त्यांच्याविषयीचे विधान प्रत्येक पदाच्या आधारावर उभे आहे. त्याचे ‘पहिली भारतीय स्त्री डॉक्टर’ असे समासवजा रूप केले, की धातुरूपाने दाखविलेली कृती नाहीशी होते आणि व्यवसाय तेवढा उरतो. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. परंतु ते काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. कादंबिनी गांगुली यांनी १८८६ सालीच कलकत्त्यात पात्रता मिळविली व पुढे व्यवसायही केला. रखमाबाईंनी १८९० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये वैद्यक शिकून सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ काम केले. ‘पदवी मिळवणारी’, ‘व्यवसाय करणारी’, ‘परदेशी शिकणारी’ असे धातुसाधित बदलले, की ‘पहिली’ या शब्दाचा धनीही बदलू शकतो; आणि चरित्रकोशातील नोंदीत ते गाळले, तर वाद व्यक्तींचा नसून एका गळलेल्या विशेषणाचा आहे, हे वाचकास कळत नाही.