सर्गेई ब्रिन यांच्या नावानं गेलेला मेल

डिसेंबर २०११मध्ये फ्लोरिडातल्या एका गणितज्ञाला गूगलच्या भरती विभागाकडून मेल आला. नोकरीत रस आहे का, अशी विचारणा होती. असं काही त्याच्या ध्यानीमनी नव्हतं, म्हणून शंका आली : हा मेल गूगलचाच कशावरून? त्यानं मेलमागची तांत्रिक माहिती उघडून पाहिली. गूगल आपल्या मेलवर जी डिजिटल सही करत होतं, तिची किल्ली फक्त ५१२ बिटांची निघाली. एवढी छोटी किल्ली फोडता येते. त्यानं ती फोडली आणि संस्थापक सर्गेई ब्रिन यांच्या नावानं दुसरे संस्थापक लॅरी पेज यांना मेल धाडला. कंपनी आपली परीक्षा घेते आहे, अशीच त्याची समजूत होती. उत्तर आलं नाही. पण दोन दिवसांत गूगलची किल्ली २०४८ बिटांची झाली. ऑक्टोबर २०१२मध्ये ‘वायर्ड’ मासिकानं ही हकिगत छापली, तेव्हा त्यानं खर्चाचा हिशोबही सांगितला. भाड्याच्या क्लाउड संगणकांवर अशी किल्ली फोडायला तेव्हा साधारण ७२ तास आणि ७५ डॉलर पुरत होते.

मुळात अशी सही लागते कशाला? ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम लिहिले. एक सर्व्हर दुसऱ्याला मेल कसा देतो, हे आजही मूलतः त्याच नियमांनी चालतं. तेव्हा जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठं, संशोधन संस्था आणि सरकारी यंत्रणा होत्या. ‘हा मेल अमक्याकडून’ असं सर्व्हरनं सांगायचं आणि समोरच्यानं ते मानायचं, एवढ्यावर काम भागत होतं. शिवाय टपालासारखंच इथंही पाठवणाऱ्याचं नाव दोन ठिकाणी येतं : पाकिटावर आणि आतल्या पत्रावर. मेल पोचला नाही तर तो परत कुठं धाडायचा, हे पाकिटावरून ठरतं. वाचणाऱ्याला दिसतो तो पत्रावरचा पत्ता. दोन्ही जुळलेच पाहिजेत असा नियम नव्हता, आणि दोन्ही ठिकाणी मनाला येईल ते लिहिता येत होतं. बँकांच्या नावानं येणारे फसवे मेल याच फटीतून शिरले.

बंदोबस्ताची सुरुवात पाकिटापासून झाली. २००३च्या सुमारास मेंग वेंग वाँग यांच्या पुढाकारानं एसपीएफ ही पद्धत आकाराला आली. डोमेनचा मालक डीएनएस या सार्वजनिक नोंदवहीत जाहीर करतो की, माझ्या नावानं मेल पाठवण्याची मुभा फक्त या आयपी पत्त्यांना आहे. मेल घेणारा सर्व्हर ती यादी पाहतो. पण कुणी मेल पुढं वळवला की पाठवणारा सर्व्हर बदलतो आणि अस्सल मेलही नापास होऊ शकतो. दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. भामटा पाकिटावर स्वतःचं डोमेन लिहितो, तपासणीतून सुटतो आणि आतल्या पत्रावर बँकेचं नाव घालतो.

म्हणून खुद्द पत्रावरच सही करायची कल्पना पुढं आली. याहूची डोमेनकीज आणि सिस्कोची तशीच एक पद्धत यांच्या मिलाफातून डीकिम तयार झालं. २००७मध्ये त्याचं मानक प्रसिद्ध झालं. पाठवणारा सर्व्हर मजकूर आणि निवडक शीर्षओळी यांचा गणिती ठसा काढतो आणि खासगी किल्लीनं त्यावर सही करतो. जोडीची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये कुणालाही मिळते. वाटेत एक आकडा जरी बदलला, तरी सही जुळत नाही. हेच बळ पुढं अनपेक्षित ठिकाणी दिसलं. २०१६मध्ये विकीलीक्सनं हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांचे मेल उघड केले, तेव्हा त्यातल्या अनेक मेलचा अस्सलपणा जाणकारांनी डीकिमच्या सह्यांवरूनच पडताळला. मेलच्या प्रवासापुरती केलेली सही कायमचा पुरावा ठरली. क्रिप्टोग्राफीचे अभ्यासक मॅथ्यू ग्रीन यांना हे खटकलं. जुन्या सह्या पुरावा म्हणून उरू नयेत यासाठी जुन्या खासगी किल्ल्या गूगलनं ठरावीक काळानं जाहीर करून टाकाव्यात, अशी मागणी त्यांनी २०२०मध्ये केली.

तरी वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पत्त्याचं काय? त्याचा जिम्मा डीमार्कनं घेतला. पेपाल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू आदी कंपन्यांनी २०१२मध्ये ते मांडलं. एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी किमान एक तपासणी पार पडावी आणि तिच्यातलं डोमेन पत्रावरच्या डोमेनशी जुळावं, ही त्याची अट. जुळलं नाही तर काय करायचं, तेही डोमेनचा मालकच सांगून ठेवतो : काही करू नका, स्पॅममध्ये टाका किंवा दारातूनच परत पाठवा. अनेक संस्था पहिल्या पर्यायावरच थांबतात आणि तिथंच घात होतो. मे २०२४मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी इशारा दिला की, उत्तर कोरियाचा किमसुकी हा हॅकर गट नेमक्या अशाच ढिल्या डोमेनांच्या नावानं, पत्रकार आणि अभ्यासक असल्याचं भासवून, मेल पाठवतो आहे. नुसती नोंद करून ठेवणं म्हणजे कुलूप बसवून ते न लावणं. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून गूगलनं जीमेल खात्यांवर दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क ही तिन्ही बंधनकारक केली. याहूनंही मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांवर तशीच सक्ती आणली.

संगणकावर जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून ‘शो ओरिजिनल’ उघडलं, की या तपासण्यांचा निकाल दिसतो. तिथं ‘पास’ दिसलं म्हणून निर्धास्त व्हायचं का? नाही. डोमेन जे सांगतं तेच आहे, एवढंच या तपासणीतून कळतं. डोमेनवाला सज्जन आहे की लुटारू, हे कळत नाही. बँकेच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं करून कुणीही डोमेन विकत घेऊ शकतो, त्यावर तिन्ही तपासण्या रीतसर बसवू शकतो, आणि त्याचा फसवा मेल सगळीकडं पास होतो.

रिझर्व्ह बँकेचा ‘डॉट बँक डॉट इन’चा निर्णय इथं महत्त्वाचा ठरतो. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी ७ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याची घोषणा केली आणि पुढं रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत या डोमेनवर जायला सांगितलं. त्याची नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडून होते आणि ती बँकांपुरतीच आहे. बँकेशी मिळतंजुळतं नाव घेऊन भामट्याला त्यात शिरता येत नाही. अशा डोमेनवर डीमार्क कडक असेल, तर ‘पास’ या शेऱ्याला खरा अर्थ येतो. एक अडचण उरतेच. मोबाइलवर बहुधा पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, पत्ता नाही, आणि त्या नावाची सत्यता या तिन्हींपैकी एकही पद्धत तपासत नाही. बँकेच्या मेलमध्ये पैशांचा किंवा पासवर्डचा विषय निघाला, तर त्या नावावर बोट दाबून पूर्ण पत्ता उघडावा आणि त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’नंच होतो का, हे पाहावं.