निर्वासित तरुणींचे मानसिक स्वास्थ्य आणि योग : रोहिंग्या छावण्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

२५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधील राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्यांनी बांगलादेशात आश्रय घेतला. कॉक्स बाजार जिल्ह्यातील कुतुपालाँग ही त्यांची वसाहत जगातील सर्वांत मोठ्या निर्वासित वसाहतींमध्ये गणली जाते. तेथील निर्वासितांत निम्म्याहून अधिक स्त्रिया व मुली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये या स्त्रियांवर लष्कराकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांची नोंद केली. या तरुणींच्या मानसिक स्वास्थ्यास योग कोणत्या अटींवर साहाय्यभूत ठरू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप

छावणीतील निवारा बांबू व ताडपत्रीचा असतो. वयात आलेल्या मुलीच्या घराबाहेर पडण्यावर कुटुंबाची बंधने येतात; छावणीबाहेर जाण्यावर प्रशासनाची. अशा स्थितीत भूतकाळातील आघात ओसरण्यास वाव मिळत नाही. झोप न लागणे, छाती धडधडणे, लहानशा आवाजाने दचकणे किंवा उलट सर्व संवेदना बधिर होणे, ही आघाताची शारीरिक रूपे होत. घडलेले सांगण्यास लज्जा व भीती आड येते. म्हणूनच शब्दांऐवजी शरीरापासून आरंभ करणारा मार्ग येथे उपयुक्त ठरू शकतो.

योगाची उपयुक्तता

संथ श्वसन, विशेषतः दीर्घ उच्छ्वास, यामुळे हृदयाची गती मंदावते आणि सतत सावध राहिलेल्या मज्जासंस्थेस विसावा मिळतो. बेसेल व्हॅन डर कोल्क व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घकालीन आघातोत्तर तणाव विकार असलेल्या अमेरिकेतील स्त्रियांना दहा आठवडे योग शिकविण्यात आला. अखेरीस योगगटातील ३१ पैकी १६ स्त्रिया विकाराच्या निकषांबाहेर आल्या. केवळ आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटात हे प्रमाण २९ पैकी ६ होते. या स्त्रिया निर्वासित नव्हत्या. त्यामुळे हे निष्कर्ष छावणीस जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि दिशा स्पष्ट होते.

अध्यापनाची पद्धत

आपल्याकडील प्रचलित योगवर्गात आज्ञार्थी सूचना असतात. डोळे मिटावयास सांगितले जाते, शिक्षक हाताने आसन सुधारतात आणि शेवटी शवासन होते. अत्याचार सोसलेल्या तरुणीस यांतील प्रत्येक गोष्ट भयप्रद ठरू शकते. मिटलेल्या डोळ्यांमागे घडलेले प्रसंग उभे राहतात. अचानक झालेला स्पर्श अथवा उताणे पडून राहणे असह्य होते. म्हणून शिक्षिका स्त्रीच असावी, स्पर्श टाळावा, डोळे उघडे ठेवण्याची मुभा द्यावी आणि बैठ्या स्थितीतील सोप्या हालचालींना प्राधान्य द्यावे. 'हात वर करा' याऐवजी 'वाटल्यास हात वर घ्या, नको वाटल्यास थांबा' असे म्हणावे. हा फरक केवळ शिष्टाचाराचा नाही. जिच्या शरीराबाबतचे निर्णय नेहमी इतरांनी घेतले, तिला स्वतःच्या शरीरासंबंधी निवड करण्याचा अधिकार येथे परत मिळतो.

रोहिंग्या बहुसंख्येने मुस्लिम आहेत. ओंकार वा सूर्यनमस्कार यांचा आग्रह धरल्यास धर्मांतराची शंका येऊन कुटुंबे मुलींना पाठविणार नाहीत. 'श्वास व शरीराचा व्यायाम' एवढेच नाव पुरेसे आहे. यात योगाची हानी नाही. पतंजलींच्या अष्टांगयोगात आसन व प्राणायाम यांच्या आधी यम येतात आणि यमांत अहिंसेला प्रथम स्थान आहे. कोणावर साधना न लादणे हेही अहिंसेचेच पालन होय.

मर्यादा

आपत्काळातील मनोसामाजिक साहाय्याविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साहाय्याचे चार स्तर मांडले आहेत. सर्वांत खालचा, म्हणजेच पायाभूत स्तर, मूलभूत सेवा व सुरक्षितता यांचा आहे. योग त्याची जागा घेऊ शकत नाही. रात्री शौचालयास जाताना भीती वाटत असेल, तर प्रथम दिवा हवा, मग प्राणायाम. तीव्र विकारात तज्ज्ञांचे उपचार आवश्यकच असतात. अन्याय शांतपणे सोसण्याचे शिक्षण असे योगास स्वरूप येता कामा नये.

निष्कर्ष

निर्वासित तरुणीस योग घर, नागरिकत्व वा न्याय देऊ शकत नाही. परंतु योग्य पद्धतीने शिकविल्यास तो तिला झोप, सख्यांची सोबत आणि स्वतःच्या शरीरावरील विश्वास परत मिळविण्यास साहाय्य करू शकतो. त्यासाठी कोणते आसन शिकविले यापेक्षा ते कसे शिकविले, हे अधिक महत्त्वाचे ठरते. महाविद्यालयांतील योगशिक्षकांच्या प्रशिक्षणातही या दृष्टीचा समावेश होणे अगत्याचे आहे.